डारव्हेलचा क्लब आणि छप्पन्न पायऱ्या

स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकहून पूर्वेकडे जाणारी बस हर्लफर्ड, गॅल्स्टन आणि न्यूमिल्न्झ ही गावे एकामागून एक मागे टाकत अर्विन नदीच्या खोऱ्यातून वर चढते, आणि खोरे अरुंद होऊ लागते तिथे डारव्हेल येते. वस्ती जेमतेम चार हजारांची. एकाच लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे उभी राहत गेली, म्हणून आसपासचे लोक स्कॉट्स बोलीत या गावाला ‘लँग टून’, म्हणजे लांब गाव, म्हणतात. पूर्वेला लाउडन हिल ही एकटी टेकडी दिसते. जुन्या ज्वालामुखीचा तो उरलेला गाभा आहे, आणि तिच्याजवळ १३०७ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याने इंग्रजांच्या मोठ्या फौजेला हरवले होते. या गावात १८८९ मध्ये स्थापन झालेला एक फुटबॉल क्लब आहे, आणि नोकरीनिमित्त किल्मार्नॉकला राहायला आल्यापासून माझे बरेचसे शनिवार त्याच्या रिक्रिएशन पार्क या मैदानावर गेले आहेत.

मी कोल्हापूरची. वडिलांचे बोट धरून शाहू स्टेडियमवर जाण्यात माझे बालपण गेले. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की पेठेपेठेतले वातावरण काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसले, त्या संघांना पेठांनी आपले मानले, आणि देशातल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत कोल्हापूरचे नाव कुठे आहे याची फिकीर न करता माणसे पिढ्यानपिढ्या मैदानावर येत राहिली. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये आल्यावर ग्लासगोच्या रेंजर्स आणि सेल्टिक या दोन बलाढ्य क्लबांपेक्षा मला डारव्हेलसारख्या क्लबांची ओढ अधिक वाटली, यात नवल नाही. किल्मार्नॉकचा स्वतःचा क्लब १८६९ चा, स्कॉटलंडमधल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक, आणि त्याचे रग्बी पार्क हे मैदान माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरी शनिवारी दुपारी मी खोऱ्याकडे जाणारी बस धरते.

डारव्हेलशी जवळीक वाटण्याचे आणखी एक कारण माझ्या आजोळात आहे. माझे आजोळ इचलकरंजीचे, त्यामुळे यंत्रमागांचा खडखडाट मला परका नाही. आणि डारव्हेल हे मागावरच जगलेले गाव आहे. इथे आधी हातमाग होते. १८७६ मध्ये अलेक्झांडर मॉर्टन यांनी लेस विणणारा यंत्रमाग या खोऱ्यात आणला, त्यानंतर काही दशकांत डारव्हेल आणि न्यूमिल्न्झची लेस जगभरच्या खिडक्यांवर पोहोचली आणि खोऱ्यातल्या बहुतेक घरांचा पगार गिरण्यांतून येऊ लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो धंदा ओसरत गेला. खोऱ्यात अजूनही जुन्या मागांवर लेस विणली जाते, पण गिरणीचा भोंगा वाजला की सारे गाव रस्त्यावर, असे दिवस आता राहिले नाहीत. रेल्वेही १९६४ मध्ये बंद झाली. अशा गावात जुन्यातले काय टिकले, असे कोणी विचारले तर लोक चर्चचे नाव घेतात, बँडचे घेतात आणि क्लबचे घेतात.

गावातून मैदानाकडे जाताना मराठी माणसाची पावले दोन कारणांसाठी थांबावीत. गावाच्या मध्यभागी हेस्टिंग्ज चौक आहे. १८१७-१८ च्या तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पेशवाई बुडाली तेव्हा गव्हर्नर जनरल असलेल्या मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्जची पत्नी फ्लोरा ही याच खोऱ्यातल्या लाउडनची काउंटेस होती, आणि चौकाला आहे ते त्याच घराण्याचे नाव. शनिवारवाड्यावरचा झेंडा उतरवणाऱ्या राजवटीच्या प्रमुखाचे सासर इथे होते, हे कळल्यावर मी त्या चौकात बराच वेळ उभी राहिले होते. त्याच चौकात अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे स्मारक आहे. डारव्हेलजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर ६ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला, गावच्या शाळेत ते शिकले, आणि १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात त्यांनी पेनिसिलिन शोधले. आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना ज्या औषधासाठी उभा राहिला, ते हेच. जानेवारी २०२३ पर्यंत डारव्हेलचे नाव बाहेरच्या जगाला माहीत होते ते फ्लेमिंग यांच्यामुळे. त्यानंतर ते फुटबॉलमुळेही माहीत झाले, पण ज्या पद्धतीने माहीत झाले तिच्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती नीट मांडण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

डारव्हेलच्या जुन्या नावात ‘ज्युनिअर्स’ हा शब्द होता. आपल्याकडे हा शब्द ऐकला की शाळकरी मुलांचा संघ डोळ्यांसमोर येतो. स्कॉटलंडमध्ये ‘ज्युनिअर फुटबॉल’ याचा वयाशी काहीही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश फुटबॉलचे दोन प्रवाह झाले. एक ‘सीनिअर’ क्लबांचा, ज्यांतून पुढे राष्ट्रीय लीग तयार झाली. दुसरा ‘ज्युनिअर’ क्लबांचा, ज्यांनी १८८६ मध्ये स्वतःची संघटना स्थापन केली, स्वतःच्या लीग चालवल्या आणि स्वतःचा स्कॉटिश ज्युनिअर कप खेळायला सुरुवात केली. या संघांत खेळणारी माणसे प्रौढ होती, त्यांना सामन्याचे पैसेही मिळत, पण आठवडाभर ती खाणीत, गिरणीत, गोदीत राबत. एअरशर परगणा या फुटबॉलचा बालेकिल्ला. कोळशाच्या खाणींभोवतीच्या आणि मागांभोवतीच्या गावांनी असे क्लब जोपासले की दोन-तीन मैलांवरच्या शेजाऱ्याशी असलेले त्यांचे वैर आजही जिवंत आहे. ऑखिनलेक टॅल्बट आणि कमनॉक यांच्या सामन्याला मी एकदाच गेले आहे, आणि परत येताना बसमध्ये मला शाहू स्टेडियमच्या आठवणीने गहिवरून आले होते.

या ज्युनिअर जगाची एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. शतकाहून अधिक काळ हे क्लब राष्ट्रीय लीगच्या शिडीवर नव्हतेच. ते खालच्या पायरीवर होते असेही म्हणता येत नाही, कारण त्यांची शिडी वेगळी होती आणि दोन शिड्यांना जोडणारी फळी नव्हती. एखादा ज्युनिअर संघ कितीही चांगला खेळला तरी त्याला राष्ट्रीय लीगमध्ये बढती मिळण्याची सोय नव्हती, आणि राष्ट्रीय लीगचा तळाचा संघ कितीही वाईट खेळला तरी बराच काळ त्याला खाली ढकलणारे कोणी नव्हते. स्कॉटलंडचा मुख्य बाद फेरीचा चषक, म्हणजे १८७३-७४ पासून खेळला जाणारा स्कॉटिश कप, त्याचे दारही ज्युनिअर क्लबांसाठी २००७-०८ च्या हंगामात किलकिले झाले, आणि तेही त्यांच्यातल्या मोजक्या विजेत्यांसाठी. राष्ट्रीय लीगच्या चार स्तरांखालची, पाचव्या स्तरावरची लोलँड लीग २०१३ मध्ये सुरू झाली, त्यानंतर राष्ट्रीय लीगच्या तळाशी बढती-घसरणीची पद्धत आली, पूर्वेकडच्या बऱ्याच ज्युनिअर क्लबांनी २०१८ मध्ये नव्या रचनेत उडी घेतली, आणि पश्चिमेकडच्या क्लबांनी २०२० मध्ये वेस्ट ऑफ स्कॉटलंड फुटबॉल लीगच्या रूपाने एकत्रितपणे सहाव्या स्तरावर प्रवेश केला. डारव्हेल त्यांत होते.

सहावा स्तर त्यांना असा मिळाला. रांगेत उशिरा आलेल्याला शेवटी उभे करतात, तसा. त्यांच्या खेळाची पारख करून कोणी त्यांना तिथे ठेवले नव्हते. नव्या लीगचा पहिला हंगाम करोनामुळे रद्द झाला आणि २०२१-२२ चा पहिला पूर्ण हंगाम झाला, त्यात प्रीमिअर विभागाचे विजेतेपद डारव्हेलने मिळवले. बढतीसाठीच्या लढतींत मात्र ते कमी पडले आणि सहाव्या स्तरावरच राहिले. ही सगळी वाटचाल नुसत्या गावप्रेमावर झाली असेही मी म्हणणार नाही. क्लबच्या अध्यक्षपदी बेकरीचा मोठा व्यवसाय असलेले गृहस्थ होते, त्यांनी पैसा आणि वेळ दोन्ही ओतले, आणि मिक केनेडी या प्रशिक्षकाने राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आलेले बरेच खेळाडू गोळा करून संघ बांधला. काही शेजारी क्लबांना हे रुचत नाही आणि त्यांचे म्हणणे मी समजू शकते. पण पैसा अनेक लहान क्लबांत येतो आणि दोन वर्षांत वाळूत पाणी मुरावे तसा नाहीसाही होतो. डारव्हेलमध्ये तो मैदानात, संघात आणि शिस्तीत उतरलेला दिसत होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कॉटिश कपच्या तिसऱ्या फेरीत तिसऱ्या स्तरावरचा माँट्रोज हा संघ डारव्हेलला आला आणि ५-२ असा हरून गेला. मी त्या सामन्याला कठड्याला टेकून उभी होते. तीन स्तर वरचा संघ खेळतो आहे असे त्या दुपारी क्षणभरही वाटले नाही. चेंडू हवा तिथे डारव्हेलचा खेळाडू आधी पोहोचत होता आणि पोहोचल्यावर त्याला पुढे काय करायचे ते ठाऊक होते. त्यानंतर चौथ्या फेरीची सोडत निघाली आणि चिठ्ठी आली अबर्डीनची.

अबर्डीनचे मोठेपण मराठी वाचकाला सांगायला हवे. उत्तर समुद्रावरच्या या शहराच्या क्लबने १९८३ मध्ये गोथेनबर्गला रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला होता, आणि २०२३ पर्यंत सात वेळा स्कॉटिश कप उचलला होता. अडीचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून हा संघ सोमवार, २३ जानेवारी २०२३ रोजी रात्री चार हजार वस्तीच्या गावात येणार होता आणि बीबीसी स्कॉटलंड तो सामना थेट दाखवणार होते. मला तिकीट मिळाले नाही, आणि ते गावातल्या कोणाला तरी मिळाले असेल या विचाराने मला त्याचे दुःखही झाले नाही. मी घरी टीव्हीसमोर बसले. एरवी मी जिथे उभी राहते तो कठडा पडद्यावर दिसला तेव्हा आपल्या गल्लीतले घर बातम्यांत दिसावे तसे वाटले.

एकोणिसाव्या मिनिटाला जॉर्डन कर्कपॅट्रिकने गोल केला. मी उठून उभी राहिले आणि मग उभीच राहिले, कारण बसले तर काहीतरी बिघडेल अशी माझ्या मनाने उगीच समजूत करून घेतली होती. गोल झाल्यावर लहान संघ बहुधा स्वतःच्या गोलपुढे भिंत बांधून बसतो. डारव्हेलने तसे केले नाही. पूर्वार्धात त्यांनी खेळ आपल्या हातात ठेवला आणि आणखी गोल होण्याजोग्या संधीही निर्माण केल्या. उत्तरार्धात अबर्डीनने चेंडू अधिक काळ स्वतःकडे ठेवला, उंच चेंडू पुन्हा पुन्हा गोलपुढे येऊ लागले, आणि डारव्हेलच्या मधल्या बचावपटूंनी ते एकामागून एक डोक्याने परतवले. ज्या कामाचे छायाचित्र कोणी काढत नाही असे ते काम. चेंडू येतो, तुम्ही उडी मारता, तो बाहेर जातो, आणि पुढचा येईपर्यंत आपल्या जागेवर परतता. शिट्टी वाजली तेव्हा फलक १-० असाच होता आणि रिक्रिएशन पार्कच्या कठड्यावरून माणसे मैदानात उतरत होती.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच आकडा होता: छप्पन्न. स्कॉटिश फुटबॉलच्या शिडीवर दोन संघांमध्ये छप्पन्न क्रमांकांचे अंतर होते, म्हणून स्कॉटिश कपच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा धक्का, असे लिहिले गेले. १९६७ मध्ये बेरिक रेंजर्सने ग्लासगो रेंजर्सला १-० ने हरवले होते, २००० मध्ये इन्व्हर्नेसने सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर ३-१ ने हरवले होते. त्या निकालांच्याही वर हा निकाल ठेवला गेला. चमत्कार, परीकथा, दैवी रात्र असे शब्द वापरले गेले. अबर्डीनचे प्रशिक्षक जिम गुडविन यांना त्या आठवड्याअखेर हिबर्नियनकडून ६-० असा पराभव झाल्यावर पद गमवावे लागले, आणि डारव्हेलचे नाव त्या बातमीलाही जोडले गेले. एका माणसाची नोकरी जाण्याच्या बातमीत आपल्या क्लबचे नाव यावे, याचा गावात कोणाला आनंद झालेला मी पाहिला नाही.

माझी तक्रार त्या आकड्याबद्दल आहे. छप्पन्न पायऱ्यांचे अंतर कागदावर खरे आहे, पण त्या पायऱ्या मोजताना कोणी हे लक्षात घेतले नाही की डारव्हेल त्या शिडीवर येऊन तीनच वर्षे होत होती. पश्चिमेचे ज्युनिअर क्लब १३० वर्षे शिडीबाहेर राहिले, आले तेव्हा सगळ्यांत खाली उभे राहिले, आणि वर चढण्याच्या वाटेवर वर्षाला एखाद्याच संघाला पुढे जाता येईल इतकी अरुंद फट होती. अशा रचनेत क्लबची पायरी त्याच्या ताकदीविषयी फार थोडे सांगते. याचे पुरावे आधीच समोर होते. जानेवारी २०१९ मध्ये ऑखिनलेक टॅल्बटने, तेव्हा ज्युनिअरच असताना, दुसऱ्या स्तरावरच्या एअर युनायटेडला १-० ने हरवले होते. पूर्वीचा ज्युनिअर क्लब केल्टी हार्ट्स २०२१ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने कपचा तत्कालीन विजेता सेंट जॉन्स्टन याला १-० ने बाहेर काढले. त्याच वर्षी बॉनिरिग रोझही राष्ट्रीय लीगमध्ये आला. हे सगळे पाहिलेल्या माणसाला डारव्हेलचा निकाल मोठा वाटेल, आनंदाचा वाटेल, पण अशक्य वाटणार नाही.

चमत्कार म्हटले की कौतुक केल्यासारखे होते, आणि त्याच वेळी करणाऱ्याचे श्रेय काढून दैवाच्या पदरात टाकले जाते. मंगळवारी-गुरुवारी रात्री कामावरून येऊन सराव करणारा खेळाडू, माँट्रोजला पाच गोल करणारा संघ, आधीच्या हंगामाचे विजेतेपद, आणि त्याआधी लेसच्या गिरण्या बंद पडत असतानाही दर शनिवारी मैदानाच्या रेषा आखणारी माणसे, या सगळ्यांतून तो एक गोल आला. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या संघाने बाहेरच्या नामांकित संघाला हरवले तर मंगळवार पेठेत कोणी त्याला परीकथा म्हणणार नाही. आमची पोरे खेळतातच तशी, असे म्हणतील. डारव्हेलच्या लोकांनाही तसे म्हणण्याचा अधिकार आहे असे मला वाटते.

पाचव्या फेरीत फेब्रुवारीत फॉलकर्क आले. तो संघ तयारीने आला होता, डारव्हेलला कमी लेखण्याची चूक त्यांनी केली नाही आणि ५-१ ने जिंकून गेले. कॅमेरे गेले, वार्ताहर गेले.

पुढे एका ओल्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे लीगचा सामना पाहायला गेले. काहीशे माणसे असतील. खिम्याचे सारण भरलेली गरम गोल पेस्ट्री आणि कागदी पेल्यातला चहा घेऊन मी माझ्या जागी उभी राहिले, तर शेजारी नेहमीचे वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे सारे आयुष्य लेसच्या गिरणीत गेले. मी इचलकरंजीच्या मागांबद्दल सांगितले तेव्हापासून ते मला पाहिले की आधी दोऱ्यांबद्दल बोलतात आणि मग फुटबॉलकडे वळतात. मी अबर्डीनच्या रात्रीचा विषय काढला. ती रात्र छान होती, असे ते म्हणाले आणि थोड्या वेळाने १९७६ बद्दल बोलू लागले. त्या वर्षी डारव्हेल स्कॉटिश ज्युनिअर कपच्या अंतिम सामन्यात पोहोचले होते. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कला बसगाड्या भरून गाव गेले होते, आणि बोनेस युनायटेडने ३-० ने हरवले. पहिला गोल कसा टाळता आला असता, हे त्यांनी चहाचा पेला कठड्यावर ठेवून दोन्ही हातांनी मला दाखवले: बचावपटू इथे उभा होता, त्याने तिथे असायला हवे होते. सत्तेचाळीस वर्षे झाली तरी त्या माणसाची जागा चुकल्याचे त्यांना सहन होत नव्हते.

मध्यंतर झाले तेव्हा पाऊस वाढला आणि आम्ही छपराखाली गेलो. पुढच्या शनिवारी सामना बाहेरगावी होता. आमच्या गाडीत एक जागा रिकामी आहे, त्यांनी सांगितले, साडेबाराला हेस्टिंग्ज चौकात या, पण उशीर करू नका, कारण गाडी थांबत नाही.